फाटकाबाहेरची बंदूक

वरंध घाट उतरून बिरवाडीकडे निघालं की आधी रान, मग भातखाचरं आणि पुढे महाडच्या औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. असा शेतकरी कारखान्यात पाळीला गेला आणि बंदूक गाडीतच राहिली, तर?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. व्हॅलियंटच्या कागद कारखान्यात २००२ मध्ये कामगारांच्या गाड्यांत बंदुका सापडल्या आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या. मग राज्याने कायदा केला: कुलूपबंद गाडीतल्या बंदुकीला मालकाने मनाई करू नये. २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. वाद होता हक्कांचा. जमीन कुणाची, गाडी कुणाची.

इथे प्रश्न धर्माचाही होतो. खंडेनवमीला तलवार पुजतात, तशी कारखान्यातली यंत्रंही. पुजणं म्हणजे त्या वस्तूचा भार पत्करणं. रसायनांच्या साठ्याशेजारी उभ्या रिकाम्या गाडीतल्या बंदुकीचा भार कोण पत्करतो? कुणीच नाही. जवळच्या शिवथरघळीत दासबोध रचला गेला, असं परंपरा मानते. समर्थांनी सावधपणावर दिलेला भर इथे अगदी शब्दशः लागू पडतो. म्हणून कारखान्याची मनाई योग्यच.

पण रात्रपाळीला बंदूक घरी कुलपात राहील आणि डुकरं खाचरात शिरतील, हेही तितकंच खरं. सुगीपुरती पाळी बदलून देणं कारखान्याला जमण्यासारखं आहे.