सपाट पडद्याचे सत्य

जे जसे आहे तसेच दिसावे, हा नीतिविचाराप्रमाणेच सौंदर्यविचारातलाही जुना आग्रह आहे. २०१३ साली ॲपलच्या आयओएस ७ या प्रणालीने तो पडद्यावर आणला. तोवर आयपॅडवरील दिनदर्शिकेला कातड्याची शिवण होती, टिपणवहीला पिवळा रेघांचा कागद होता. ते सारे गेले. काच सपाट आहे. तिच्यावर उंचवटे रंगवणे हे असत्य, अशी या सपाट शैलीची भूमिका होती. तिचे श्रेय नाकारता येणार नाही. नक्कल हटली आणि अक्षराला मोकळी जागा मिळाली. लहानमोठ्या सर्व पडद्यांवर एकच रचना सहज बसू लागली.

परंतु शिवणीबरोबर आणखीही काही पुसले गेले. १९९५च्या विंडोजमधील करड्या बटणाची वरची कड उजळ आणि खालची काळसर असे. ती छाया आभासच होती. तरीही ‘येथे दाबता येते’ हे सत्य तीच सांगत होती. वस्तूने आपला वापर स्वतःच सुचवावा, हा विचार डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८च्या आपल्या ग्रंथात दाराच्या उदाहरणाने मांडला आहे: पट्टी दिसली की हात ढकलतो, मूठ दिसली की ओढतो. कातड्याची शिवण काहीच सांगत नव्हती. बटणाची छाया सांगत होती. अलंकार आणि खूण यांतला हा भेद सपाटपणाच्या उत्साहात पुसट झाला.

याची किंमत कोण देतो? सरावलेल्याला खुणेची गरज नसते. दृष्टी मंदावलेला किंवा प्रथमच यंत्र हाती घेणारा मनुष्य मात्र अडखळतो, आणि दोष रचनेला न देता ‘मलाच यातले कळत नाही’ असे म्हणतो. नैतिक प्रश्न येथे उभा राहतो. २०१४ साली ॲपलने बटणांचे आकार दाखवण्याची सोय दिली; पण ती सेटिंग्जमध्ये जाऊन शोधावी लागे. म्हणजे ज्याला कोठे दाबावे हे उमगत नाही, त्यानेच आधी योग्य ठिकाणी दाबायचे! त्याच वर्षी गूगलच्या मटेरियल डिझाइनने छाया परत आणली. मात्र कोणता थर कोणाच्या वर आहे, एवढेच सांगण्याचे काम तिला दिले. हा मार्ग अधिक विवेकाचा वाटतो.

प्रामाणिकपणा हा केवळ वस्तूचा स्वतःशी असलेला व्यवहार नव्हे. तो सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला व्यवहार आहे. समोरच्याला उमगणार नाही अशा रीतीने सांगितलेले सत्य निर्दोष असेल, पण ते पुरेसे नसते.