धाब्याला कठडा

आजचा शास्त्रभाग : अनुवाद २२:८



अनुवादाच्या पुस्तकातला २२वा अध्याय वाचताना आपण बहुतेक वेळा भरभर पुढे जातो. हरवलेला बैल, पक्ष्याचं घरटं, कपड्यांचे नियम... आणि मध्येच एक छोटीशी आज्ञा येते. नवीन घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी वरून पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येणार नाही. बस, एवढंच. एकच वचन.

इथे धाबं म्हणजे हायवेवरचा ढाबा नव्हे! घराचं सपाट, मातीचं छत. ज्यांचं गाव नगर, मराठवाडा किंवा खानदेशाकडे आहे, त्यांनी धाब्याची घरं पाहिली असतील. उन्हाळ्यात वर झोपायचं, कुरडया-पापड वाळत घालायचे, संध्याकाळी वाऱ्याला बसायचं. इस्राएलातही असंच होतं. राहाबने धाब्यावर जवसाच्या काड्या पसरल्या होत्या आणि त्यांच्याखाली हेरांना लपवलं होतं (यहोशवा २:६). शमुवेल शौलाशी धाब्यावर बोलत बसला होता (१ शमुवेल ९:२५). म्हणजे धाबं ही घरातली रोजच्या वापरातली, सगळ्यांच्या आवडीची जागा होती.

आता आजच्या आपल्या घराकडे बघा. दोन बीएचके फ्लॅटला धाबं कुठून येणार? पण घरातून बाहेरचं सगळं जग दिसतं, वारा येतो, काम होतं आणि तोल गेला तर माणूस खाली पडतो, अशी एक जागा आपल्याकडेही आहे. ती आपल्या हातात असते आणि रात्री उशाशी चार्जिंगला लावलेली असते.

गेल्या महिन्यात आमच्या सेल ग्रुपमध्ये एका ताईंनी विचारलं, “भाऊ, तुम्ही तर सॉफ्टवेअरमधले. मुलगा नववीत आहे. रात्री एक-एक वाजेपर्यंत फोन. काढूनच घेऊ का?” त्यांचा आवाज भरून आला होता. घरात बापलेकाचं बोलणं जवळजवळ बंद झालेलं. त्या प्रश्नावर प्रार्थना करताना मला हे एक वचन मिळालं. तेच आज तुमच्यासमोर मांडतोय.

१. देवाने धाबं पाडायला सांगितलं नाही

ज्या धाब्यावरून माणूस पडू शकतो ते बांधूच नका, असं देव म्हणू शकला असता. तो तसं म्हणाला नाही. कारण त्याच धाब्यावर पुढे काय घडणार होतं ते त्याला ठाऊक होतं.

यापो शहरात पेत्र दुपारी धाब्यावर प्रार्थना करायला गेला (प्रेषितांची कृत्ये १०:९). तिथे त्याला तो मोठ्या चादरीसारखा दृष्टान्त झाला. त्यानंतर तो कर्नेल्याच्या घरी गेला आणि सुवार्तेचं दार परराष्ट्रीयांसाठी उघडलं. आपण मराठी माणसं ख्रिस्ताच्या मंडळीत आहोत, त्याचा एक धागा त्या धाब्यावरून येतो! आपल्या काळातलंच बोलायचं तर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कितीतरी मंडळ्यांची उपासना याच स्क्रीनवर झाली. आजही गावाकडची आजी नातवंडांबरोबर व्हिडिओ कॉलवर प्रार्थना करते. म्हणून मोबाइल म्हणजे सैतानाचं यंत्र, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण त्याच शास्त्रात धाब्याच्या दुसऱ्याही गोष्टी आहेत. सफन्या १:५ मध्ये लोक धाब्यावर चढून आकाशातल्या ताऱ्यांना नमन करताना दिसतात. जागा तीच, पण एक प्रार्थना करतो आणि दुसरा मूर्तिपूजा. म्हणून देवाने धाबं राहू दिलं आणि कठडा सांगितला. आपण मराठीत म्हणतो ना, “नियम धाब्यावर बसवले”? देवाने इथे धाब्यालाच नियम बसवला.

२. कठडा बांधणं घरमालकाचं काम आहे

आज्ञा कोणाला दिली आहे ते नीट पाहा. धाब्यावर खेळणाऱ्या लेकराला “सांभाळून खेळ रे” असं सांगितलेलं नाही. घर बांधणाऱ्याला सांगितलं आहे. दोषही घरावर येतो असं म्हटलंय, पडणाऱ्यावर नाही.

हे मला माझ्या कामामुळे फार जाणवतं. ॲप बनवताना आम्ही इंजिनियर लोक “डिफॉल्ट” ठरवतो, म्हणजे वापरणाऱ्याने काहीच बदललं नाही तर जे चालू राहील ते. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणं, लाल ठिपका दाखवणं, दर थोड्या वेळाने नोटिफिकेशन येणं, हे सगळं कोणीतरी कुठेतरी बसून ठरवलेलं असतं. ठरवताना बहुधा एकच आकडा समोर असतो : माणूस किती वेळ थांबला. पुस्तकाचं पान संपतं, वर्तमानपत्र संपतं. स्क्रीनवरचं पान मात्र संपत नाही. कधीच न संपणारं हे स्क्रोल २००६ साली एझा रास्किन या डिझायनरने तयार केलं, आणि पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पानाचा शेवट हा एक प्रकारचा कठडाच होता. तो काढला गेला.

तर मित्रांनो, कंपनी तुमच्या धाब्याला कठडा बांधून देईल या आशेवर राहू नका. सोयी आहेत, नाही असं नाही. ॲपलचा स्क्रीन टाइम आहे, गूगलचं फॅमिली लिंक आहे. पण ते चालू करायचं काम घरच्यांचंच. चौदा वर्षांच्या पोराला अख्ख्या उद्योगाशी एकट्याने लढायला सोडून वर त्यालाच “तुझ्यात संयम नाही” म्हणणं, हा न्याय नव्हे.

३. कठडा घर बांधतानाच करायचा

“नवीन घर बांधशील तेव्हा” असं वचन आहे. कोणी पडल्यावर नाही. फोन मुलाच्या हातात देण्याआधी दोन गोष्टी ठरवणं सोपं असतं. दोन वर्षांनी त्याच्या हातातून काढून घेणं म्हणजे युद्ध. ज्यांची लेकरं अगदी लहान आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. कमी असेल तर अजून चांगलं.

तुमच्यापैकी अनेकांची लग्नं व्हायची आहेत, काहींची नुकतीच झाली आहेत. तुम्हाला वाटेल, हा संदेश आईबापांसाठी आहे. नाही! तुमचं घर तर आत्ता बांधलं जातंय. जेवताना फोन कुठे असेल, झोपताना कुठे असेल, हे नवराबायकोने आत्ता ठरवलं तर उद्या लेकरू त्यातच जन्माला येईल. त्याला तो नियम वाटणारच नाही, घराची रीत वाटेल. आणि पीजीमध्ये एकटं राहत असाल तर ती खोली हेच तुमचं घर.

४. धाब्यावरून पडला तो लहान मूल नव्हता

आता थोडं कठीण बोलतो. पवित्र शास्त्रात धाब्यावरून सुरू झालेलं सर्वांत मोठं पतन कोणाचं? दाविदाचं. संध्याकाळी पलंगावरून उठून तो राजवाड्याच्या धाब्यावर फिरत होता, आणि तिथून त्याची नजर गेली (२ शमुवेल ११:२). लढाईचे दिवस होते, सैन्य बाहेर होतं, राजा घरी. हातात काम नाही, सोबत कोणी नाही. पुढे बथशेबा, उरीयाचा खून, मेलेलं बाळ. अनुवादात ज्या रक्तदोषाची सूचना होती तोच शेवटी त्या घरावर आला.

तो कोवळा पोरगा नव्हता. स्तोत्रं रचणारा, देवाच्या मनासारखा माणूस होता. म्हणून कठडा फक्त मुलांसाठी, असं समजू नका. रात्री सगळे झोपल्यावर एकट्याच्या हातातला फोन तिशी-चाळिशीतल्या विश्वासणाऱ्यालाही धोक्याचाच.

आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी सगळे फोन एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात जातात. हे ठरलं तेव्हा माझ्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, “पप्पा, तुमचा ऑफिसचापण?” ऑफिसचापण. माझी ऑन-कॉल ड्युटी असेल त्या दिवशी प्रार्थनेची वेळ बदलते, डबा बदलत नाही. बापाचा फोन बाहेर आणि लेकरांचे आत, असा कठडा एकाच बाजूला बांधलेला असतो.

५. कठडा म्हणजे भिंत नव्हे

कठडा छातीपर्यंत असतो. त्यावरून आकाश दिसतं, शेजारी दिसतो, वारा येतो. काही घरांत कठड्याच्या नावाने तुरुंग उभा राहतो : मुलांचे मेसेज चोरून वाचणं, दर तासाला झडती, चारचौघांत अपमान. पौल बापांना सांगतो की लेकरांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खचतील (कलस्सैकरांस पत्र ३:२१). जो नियम असेल तो उघड असू द्या, त्याचं कारण सांगा आणि वय वाढेल तसा तो बदला. सहा वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलाला एकच कठडा कसा चालेल?

आणि दयेसाठी नियम वाकू द्या. चार मित्रांनी पक्षाघाती माणसासाठी छपरच उघडलं, तेव्हा प्रभू येशू रागावला नाही (मार्क २:४-५). प्रार्थनेच्या वेळी गावाहून आजीचा फोन आला तर डबा उघडायचा.

शेवटची गोष्ट. कठडा पडण्यापासून वाचवतो, पण प्रार्थना करायला लावत नाही. ती मोकळी झालेली वेळ कशाने भरणार? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होऊ लागले, ते मुलांचा अभ्यास व्हावा, माणसं एकमेकांशी बोलावीत म्हणून. अख्खं गाव मिळून हे ठरवू शकतं, तर ख्रिस्ताच्या नावाने एकत्र येणारं चार माणसांचं घर का नाही?

त्या ताईंना मी एवढंच म्हणालो : फोन हिसकावू नका. आधी तुम्ही आणि भाऊ दोघांनी रात्री दहाला तुमचे फोन हॉलमध्ये ठेवा. मग मुलाला बोलवा, वचन वाचा, आणि त्यालाच विचारा की कठडा कुठे हवा. ते बोलणं सुरू होणं हीच पहिली वीट.

आज करण्यासारखं : घरातल्या सर्वांनी मिळून अनुवाद २२:८ वाचा. घरातली एक जागा आणि दिवसातली एक वेळ फोनशिवायची ठरवा. सुरुवात घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने करावी.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू दिलेल्या घरासाठी आणि साधनांसाठी तुझे आभार. आमचं धाबं पेत्राच्या धाब्यासारखं होऊ दे. आमच्या लेकरांना, आणि रात्री एकटे असताना आम्हालाही, तू सांभाळ. कठडा बांधायला आम्हाला शहाणपण दे, आणि तो बांधताना प्रीती दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.