नाणे कोणाचे?

करासंबंधी विचारणाऱ्यांना प्रभू येशूने दिनार दाखवावयास सांगितला आणि त्यावरील प्रतिमा कोणाची, असा प्रतिप्रश्न केला. प्राचीन रोमन नाणी जमविणाऱ्याने याहून अवघड प्रश्न स्वतःला विचारावा: हे नाणे कोणाचे?

एप्रिल २०१० मध्ये इंग्लंडमधील फ्रोम गावाजवळ डेव्ह क्रिस्प हा हौशी शोधक शेतात खणत होता. नाण्यांनी भरलेल्या रांजणाचा काठ लागताच तो थांबला आणि त्याने पुरातत्त्वज्ञांना बोलाविले. त्यांनी थराथराने ५२,५०३ नाणी बाहेर काढली. त्यांतील सर्वांत अलीकडची, कॅरॉशियसच्या राजवटीतील (इ. स. २८६ ते २९३) नाणी बहुतांशी रांजणाच्या मध्याखाली होती. म्हणजे हा ठेवा वर्षानुवर्षे साठत गेला नव्हता, एकाच वेळी भरला होता.

घाईने उपसली असती, तरी नाणी तेवढीच मिळाली असती. हे ज्ञान मात्र कायमचे हरपले असते. ओरबाडून काढलेले नाणे संग्राहकाच्या पेटीत चकाकते, पण मुके होते. नाण्याची मालकी एकाची असू शकेल. त्याची साक्ष सर्वांची असते. ते कोठून आले हे न विचारता विकत घेणारा स्वतः चोरी करीत नसेल, परंतु पुढील पिढ्यांचे काहीतरी हिरावून घेतो. काठापाशी थांबलेल्या त्या हाताने ते राखले.