जांभळी रेघ

पिंपरी-चिंचवडच्या एका ॲनॅलिसिस विभागात एक नवा मुलगा होता. हुशार, पण घाईचा. त्याच्याकडे काम आलं ते बिडाच्या हबमध्ये दाबून बसवलेल्या पोलादी शाफ्टचं. शाफ्ट भोकापेक्षा त्रिज्येत 20 मायक्रॉन मोठा. सगळी पकड त्या 20 मायक्रॉनवर.

सॉल्व्हर सुरू झाला की पडद्यावर दोन रेघा सरकू लागत. निळी मर्यादेची. जांभळी शिल्लक बळाची, म्हणजे बाहेरून लावलेलं बळ आणि भागांच्या आत उभं राहिलेलं बळ यांच्यातला न जुळलेला फरक. न्यूटन-रॅफसनच्या फेऱ्यांत हा फरक घटत जावा आणि जांभळी निळीच्या खाली यावी. ती येईना. करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत राहिली.

मुलाने कॉन्टॅक्टचा ताठरपणा, म्हणजे दोन भाग एकमेकांत घुसू नयेत म्हणून मॉडेलमध्ये असलेला विरोध, शंभर पटींनी उतरवला. रेघ मुकाट खाली आली. हिरवी खूण दिसताच त्याने रिपोर्ट पाठवला: पकड अपेक्षेच्या एक तृतीयांशही नाही. डिझाइनवाल्यांनी शाफ्ट आणखी जाड करायचं ठरवलं. बीड ताण फारसा सोसत नाही, हब तडकेल, हे कुणाला सुचलं नाही. सॉल्व्हरचा आकडा समोर आला की भलेभले असले प्रश्न विसरतात.

विभागातल्या मॅडमनी रिपोर्ट चाळून एवढंच विचारलं, "पेनिट्रेशन किती उरलंय?"

"ते बघितलं नाही, मॅडम. कन्व्हर्ज झालं होतं ना."

उघडून पाहिलं तर 14 मायक्रॉन.

"म्हणजे 20पैकी 14 मायक्रॉन शाफ्ट हबमध्ये नुसताच घुसून बसलाय. धातूला ताण पडला तो 6 मायक्रॉनचा. दाबही तेवढाच येणार." त्यांनी लामेच्या सूत्राने कागदावर दाब काढला. रिपोर्टमधला दाब त्याच्या 30 टक्के होता.

"पण बळं तर जुळली होती!"

"मऊ कॉन्टॅक्टचीही जुळतात. आधी ती कुठे जुळत नव्हती, ते पाहिलंस का?"

त्याने जुना रन पुन्हा लावून शिल्लक बळाचा नकाशा काढला. सगळा लाल रंग हबच्या तोंडाशी, एका कडेवर. तिथले एलिमेंट एका फेरीत शाफ्टला टेकत, पुढच्या फेरीत सुटत. ड्रॉइंगमध्ये त्या जागी चॅम्फर होता, म्हणजे कड तिरकी कापलेली होती. मॉडेल साफ करताना, बारीकसारीक तपशील म्हणून, त्यानेच तो उडवला होता. शाफ्ट आत शिरायला वर्कशॉपमध्ये चॅम्फरवाचून चालत नाही.

चॅम्फर परत आला, तोंडाशी मेश बारीक झाली, ताठरपणा पूर्ववत झाला. 20 मायक्रॉन एकदम न लादता टप्प्याटप्प्याने दिले. रनला वेळ लागला. मुलगा या खेपेस रेघेबरोबर प्रत्येक टप्प्याला किती एलिमेंट टेकले, पेनिट्रेशन किती, हेही पाहत बसला. पेनिट्रेशन अर्ध्या मायक्रॉनच्या आत राहिलं आणि हबच्या मधल्या भागातला दाब कागदावरच्या आकड्याजवळ आला. शाफ्ट जाड करायचा बेत रद्द झाला.

तोंडाशी मात्र दाब मधल्यापेक्षा जास्त निघाला. लामेच्या सूत्रात ही कड येतच नाही. मॅडमनी पुढचं काम त्याला तिथलंच दिलं.