तेवीस वर्षांपूर्वीची दुरुस्ती

१ जुलै २०२४, सोमवार. सर्व्हर सांभाळणं हेच ज्यांचं काम, त्यांच्यापैकी फार थोडे जण त्या दिवशी निवांत जेवले असतील. क्वालिस या सुरक्षा कंपनीनं ओपनएसएसएचमधली एक गंभीर चूक जाहीर केली होती. दूरच्या यंत्रात सुरक्षित वाटेनं शिरायचं ते हे साधन. हिंजवडीत बसून परदेशातला सर्व्हर चालवणारा माणूस दिवसातून वीसदा ते वापरतो आणि त्याचं नावही मनात आणत नाही. चुकीला लक्षात राहील असं नाव दिलेलं होतं, आणि सोबत एक आकडाही: इंटरनेटवर उघडी असलेली एक कोटी चाळीस लाखांहून जास्त यंत्रं धोक्यात असू शकतात. मथळे तयारच होते.

पॅच लावून झाल्यावर रात्री मी क्वालिसचा मूळ अहवाल उघडला. त्यात एक वाक्य होतं, ते मी दोनदा वाचलं. ओपनबीएसडी या प्रणालीला या चुकीची बाधा होत नाही, कारण तिथल्या लोकांनी २००१ मध्येच नोंद लिहिण्याची एक वेगळी, सुरक्षित पद्धत तयार केली होती.

हे नीट सांगायला हवं. लॉगिन करायला आलेल्यानं ठरलेल्या वेळेत, साधारण दोन मिनिटांत, ओळख पटवली नाही तर सर्व्हर त्याला बाहेर काढतो आणि तशी नोंद करतो. ही वेळ संपल्याची घंटा केव्हाही वाजते. त्या क्षणी यंत्र दुसऱ्याच कामात असतं. कदाचित मेमरीची वाटणी अर्ध्यावर असते. अशा वेळी नोंद लिहिणाऱ्या फंक्शनानं स्वतःसाठी मेमरी मागितली की तो अर्धवट हिशेब विस्कटतो, आणि विस्कटलेल्या हिशेबातून हल्लेखोराला आत शिरायला फट सापडते. ३२ बिटांच्या लिनक्सवर ती साधायला सरासरी दहा हजार प्रयत्न आणि सहा ते आठ तास लागतात, असं क्वालिसनं दाखवलं. ओपनबीएसडीची नोंद मात्र घंटा वाजत असतानाही धोका न होता लिहिता येईल अशी बेतलेली होती. फट पडायला जागाच नव्हती.

यातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ओपनएसएसएच हेही ओपनबीएसडीच्याच लोकांचं काम आहे. ही चूक २००६ मध्ये एकदा दुरुस्त झाली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कोड बदलताना ती नकळत परत आली. म्हणजे चूक त्यांचीच, आणि त्या चुकीला त्यांच्याच घरात थारा न देणारी बांधणीही त्यांचीच. माणसं चुकणार हे धरून, चूक झाली तरी तिचं नुकसान होऊ नये अशी रचना आधीच करून ठेवायची, हा या प्रकल्पाचा सगळा विचार त्या एका वाक्यात होता. पण बहुतेक बातम्या एक कोटी चाळीस लाखांपाशीच थांबल्या.

बातमीला तारीख लागते. चूक सापडते त्याला तारीख असते, हल्ला होतो त्याला असते. २००१ मध्ये कुणी नोंद लिहिण्याची पद्धत बदलली, हे तेव्हा कुठल्याही संपादकानं छापलं नसतं आणि त्यात त्याचं काही चुकलं नसतं. पण २०२४ मध्ये त्या कामाची परीक्षा झाली आणि ते उत्तीर्ण झालं. तेव्हा तर तारीखही होती. तरी ते छापायला हात पुढे झाला नाही, आणि हे मला खुपतं.

ओपनबीएसडीची सुरुवात १९९५ ची. थिओ डी राट यांना नेटबीएसडी प्रकल्पातून बाहेर पडावं लागलं आणि कॅनडातल्या कॅलगरीत त्यांनी स्वतःची वाट धरली. १९९६ पासून या मंडळींनी एक काम लावून धरलं: कोडच्या फायली एकामागून एक वाचायच्या. कुणी हल्ला केला म्हणून नव्हे, नुसत्या वाचायच्या. एका प्रकारची चूक सापडली की तशीच चूक बाकी सगळीकडे शोधायची. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची. माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर ही प्रणाली आहे. बसवताना काळ्या पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात, बहुतेकांना एंटर दाबलं की पुरतं. बसवून झाल्यावर बाहेरून दार ठोठावता येईल अशी जवळपास प्रत्येक सेवा बंद असते. हवी ती आपण विचार करून उघडायची. पहिल्यांदा आत गेलात की रूट या मुख्य खात्याच्या नावानं डी राट यांचं स्वागतपत्र टपालपेटीत वाट पाहत असतं. आणि दर वेळी सुरू होताना एक ओळ सरकते: लायब्रऱ्यांचा क्रम बदलत आहे. हल्लेखोराला काल माहीत झालेला पत्ता आज तिथे नसावा म्हणून.

तंत्रज्ञानाबाहेरच्या वाचकापर्यंत ही प्रणाली पोचली ती मात्र वेगळ्याच कारणांनी. २००३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेकडून सुमारे तेवीस लाख डॉलरच्या प्रकल्पातून तिला पैसे मिळत होते. इराक युद्ध सुरू असताना डी राट यांनी कॅनडातल्या ग्लोब अँड मेल या दैनिकापाशी त्या युद्धाबद्दलची नाराजी बोलून दाखवली. हा पैसा इकडे आल्यानं अर्धं क्षेपणास्त्र कमी बनेल अशी मनाची समजूत घालतो, अशा अर्थाचं ते बोलले. थोड्याच दिवसांत निधी थांबला. ती बातमी झाली, व्हायलाच हवी होती. २०१४ च्या जानेवारीत वीस हजार डॉलरचं वीजबिल भरायला पैसे नाहीत म्हणून हाक दिली, त्याचीही झाली. दोन्ही बातम्या खऱ्या. दोन्हींत कोडची एक ओळही नाही.

मधल्या २०१० च्या प्रकरणाला मी जास्त जागा देतो, कारण त्याचा ओरखडा अजून गेलेला नाही. त्या डिसेंबरात डी राट यांना एक पत्र आलं. एका सुरक्षा कंपनीतला माजी अधिकारी लिहीत होता की, सुमारे दहा वर्षांपूर्वी एफबीआयनं काही विकासकांना पैसे देऊन ओपनबीएसडीच्या आयपीसेक या भागात चोरवाटा घालून घेतल्या. डी राट यांनी ते पत्र जसंच्या तसं जगासमोर ठेवलं: ज्यांची नावं आली आहेत त्यांनी उत्तर द्यावं, ज्यांना शक्य आहे त्यांनी कोड तपासावा. स्वतःवरचा असा आरोप स्वतःच जाहीर करण्याची हिंमत किती संस्थांत असते? काही तासांत 'एफबीआयची चोरवाट' जगभर पोचली. मग लोकांनी खरोखर कोड वाचला. एकदोन जुन्या चुका सापडल्या, त्या दुरुस्त झाल्या. चोरवाट सापडली नाही. डी राट यांनी आठवड्याभरात आपला निष्कर्ष लिहिला: त्या कंपनीला बहुधा असं काम दिलं गेलं असावं, पण तसा कोड आमच्या मूळ कोडमध्ये आला असं मला वाटत नाही. आरोपाला एक ओळ पुरते, तपासाला चार परिच्छेद लागतात. मथळा पहिल्याला मिळाला.

पण सगळा दोष पत्रकारांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. या प्रकल्पानं स्वतःही एक मथळा लिहून ठेवला आहे, आणि त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. आधी लिहिलेलं असे: मूळ बसवणुकीत पाच वर्षांत बाहेरून शिरता येईल असं एकही भोक नाही. जून २००२ मध्ये ओपनएसएसएचमध्येच तसं भोक सापडलं आणि वाक्य बदललं: सुमारे सहा वर्षांत एक. २००७ मध्ये कोअर सिक्युरिटीच्या संशोधकांनी आयपीव्ही६ च्या कोडमधली चूक दाखवली. प्रकल्पानं आधी ती नुसती यंत्र बंद पाडणारी चूक मानली. संशोधकांनी तिच्यातून आत शिरून दाखवलं तेव्हा एकाचे दोन झाले. बाहेरच्यांनी हट्ट धरला नसता तर तो आकडा खोटा राहिला असता. चिकित्सक नजर हवी आहे ती अशी, पुरावा हातात घेऊन उभी राहणारी.

२०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड आलं, नाव आणि रक्त ठिबकणारं हृदयाचं चिन्ह घेऊनच. इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली ती चूक घराघरांत पोचली. त्यानंतर ओपनबीएसडीच्या लोकांनी त्या कोडची वेगळी शाखा काढून पहिल्या आठवड्यातच सुमारे नव्वद हजार ओळी काढून टाकल्या. त्यांचा मुख्य आक्षेप मला आजही पटतो: ओपनएसएसएल मेमरीचा स्वतःचा वेगळा साठा ठेवत असे, त्यामुळे खालच्या प्रणालीनं मेमरीवर बसवलेले पहारे तिथे पोचतच नसत. रोगाचं नाव सगळ्यांना ठाऊक झालं. पहारा कुणी आणि का बाजूला ठेवला होता, हे फार थोड्यांना.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी माझ्या लॅपटॉपकडे बघून म्हणाली, "सर, यात एफबीआयनं काहीतरी घुसवलं होतं ना?" तिचा काही दोष नव्हता, तिनं वाचलं होतं तेवढंच होतं. मी खुर्ची सरकवली आणि आयपीसेकची फाईल उघडून दिली. ती तासभर वाचत बसली. मग तिनं एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, ही लांबी इथे परत का तपासली आहे, वर एकदा तपासली आहे की. मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती वहीत दोन्ही तपासण्यांमधली वाट पेन्सिलीनं काढूनच.