पानफुटीची आंबट सकाळ

पानफुटीचं पान उजाडता उजाडता तोडून त्याचा इवलासा कोपरा चावून बघावा. चांगलाच आंबट लागतो, चुक्याच्या भाजीइतका. त्याच फांदीवरचं दुसरं पान दुपारी बाराच्या उन्हात तोडलं तर आंबटपणा जवळजवळ गेलेला असतो, आणि तिन्हीसांजेला उरतो तो हिरवट, किंचित कडसर रस. मुतखड्यावर म्हणून आपल्याकडे कित्येकजण हे पान अनशापोटी खातात. त्याचा गुण येतो की नाही, ते किती खावं, हे वैद्यांनी आणि डॉक्टरांनी सांगावं. माझं मन अडकलं आहे ते त्या चवीत. काल संध्याकाळी नसलेलं आम्ल रातोरात पानात आलं कुठून?

हा प्रश्न भारतातच नीट नोंदला गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं. बेंजामिन हाइन हे मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ. पानफुटी मूळची मादागास्करची, पण इथे ती चांगलीच रुळली. हाइन यांनी तिची पानं वेगवेगळ्या वेळी चाखली आणि 1813 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या लँबर्ट यांना पत्रातून कळवलं. 1815 मध्ये ते छापलं गेलं. सकाळी चुक्यासारखं, दुपारी बेचव, संध्याकाळी कडसर, असा त्यातला क्रम आजही तसाच पडताळता येतो. आम्ल म्हटलं की त्यात ऑक्सिजन असणारच, असं मानण्याचा तो काळ. उजेडात पानातला ऑक्सिजन निघून जातो आणि त्याबरोबर आंबटपणाही, असा त्यांचा तर्क होता. तर्क पुढे बदलला. जिभेने केलेली नोंद मात्र पक्की ठरली.

पानावर ऊन पडतं तेव्हा पेशीत जे घडतं ते आधी बघू. हिरव्या पेशीत हरितलवकं असतात, त्यांच्या आत पातळ पटलांच्या चवडी, आणि त्या पटलांत हरितद्रव्य. प्रकाश पडला की हरितद्रव्याचा एक इलेक्ट्रॉन उसळून पुढच्या रेणूकडे जातो. रिकामी झालेली जागा भरून निघते ती पाण्यातून. चार मँगनीज आणि एक कॅल्शिअम अशा अणूंचा एक बारीकसा पुंजका पाण्याच्या दोन रेणूंमधून एकेक करून चार इलेक्ट्रॉन काढून घेतो, आणि चौथा निघाला की ऑक्सिजनचा एक रेणू मोकळा होतो. त्या पुंजक्यातल्या अणूंची मांडणी जपानी शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये इतकी स्पष्ट टिपली की त्यातला प्रत्येक अणू वेगळा दाखवता आला. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन हा असा, पाणी फोडून निघालेला. तो कर्बवायूतून निघतो असं बराच काळ मानलं जाई. 1941 मध्ये रुबेन आणि कामेन यांनी जड ऑक्सिजन असलेलं पाणी शेवाळाला देऊन दाखवलं की बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याचाच असतो.

या सगळ्या खटाटोपातून झाडाला मिळतात ते ऊर्जा धरून ठेवणारे रेणू. ते वापरून हरितलवकाच्या द्रवात कर्बवायूपासून साखर बांधली जाते. बांधणीची पहिली वीट बसवणारं विकर म्हणजे रुबिस्को. ते इतकं धिमं आहे की सेकंदाला मोजकेच रेणू जोडतं, म्हणून पानाला ते भरमसाट बनवावं लागतं. शिवाय उन्हाच्या तडाख्यात, आत कर्बवायू कमी पडला, की ते चुकून ऑक्सिजनच पकडतं आणि केलेल्या कामातलं काही वाया जातं.

आता पानाची खरी अडचण. कर्बवायू आत घ्यायचा तर पर्णरंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. गहू-भातासारख्या पिकांना एक ग्रॅम कर्बवायू मिळवण्यासाठी साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी गमवावं लागतं. ज्यांच्या मुळाशी ओल आहे त्यांना हा खर्च झेपतो. पानफुटी उगवते ती भिंतीच्या भेगेत, गडाच्या बुरुजावर, कातळावर साचलेल्या मूठभर मातीत. तिने हिशेब वेगळा बसवला आहे: रात्री गारव्यात बाजारहाट करून ठेवायची आणि दिवसा दार लावून स्वयंपाक करायचा. तिची रंध्रं सूर्यास्तानंतर उघडतात. त्या वेळी हवा थंड, त्यामुळे वाफ कमी. आत आलेला कर्बवायू रात्री साखरेत घालता येत नाही, कारण त्याला लागणारी ऊर्जा उजेडाशिवाय बनत नाही. म्हणून पेशी आदल्या दिवशीचं पिष्ट मोडते, त्यातून निघालेल्या तीन कार्बनांच्या रेणूला हा कर्बवायू जोडते आणि मॅलिक आम्ल तयार करते. हिरव्या सफरचंदाला आंबट करणारं तेच हे आम्ल. पेशीच्या मधोमध पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका असते, तिच्यात ते रात्रभर साठत जातं.

उजाडलं की रंध्रं मिटतात. रिक्तिकेतून आम्ल बाहेर येतं, त्यातला कर्बवायू सुटतो आणि बंद पानातच हरितलवकांना मिळतो. दार मिटलेलं असल्याने तो आत दाटतो, इतका की रुबिस्कोची चूक करण्याची सवय तेवढ्यापुरती मागे पडते. आम्लाचा उरलेला भाग पुन्हा पिष्टात जातो. दिवस चढतो तसं आम्ल उतरतं आणि पिष्ट वाढतं. रात्री नेमकं उलट. पाण्याचा खर्च एका ग्रॅमला 50 ते 100 ग्रॅमवर येतो. पान जाड आणि गरदार असण्यामागेही हेच कारण आहे. पातळ पानाच्या पेशीत एवढं आम्ल ठेवायला जागा कुठून यायची? वाढीचा वेग मात्र त्यामुळे मर्यादित राहतो, कारण रात्री जेवढं साठवता आलं तेवढ्यावरच बहुतेक दिवस भागवायचा असतो.

सकाळी जिभेला लागतो तो आंबटपणा म्हणजे रात्रीची हवा आहे, हे मला जेव्हा उमगलं तेव्हापासून मी प्रकाशसंश्लेषणाचा विचार सूर्यापासून सुरू करत नाही. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात सूर्य, पान आणि बाण एवढंच असतं, आणि त्यात चूक काही नाही. पण वापरायची वेळ आलेली नसताना घ्यायचं, बिघडू न देता ठेवायचं, हे कामही त्याच क्रियेत येतं, आणि ते पूर्ण अंधारात चालतं. फड्या निवडुंग, घायपात, कोरफड, कोकणातलं आणि गोव्यातलं अननस, अलीकडे सांगली-सोलापूरकडे लावलं जाणारं ड्रॅगन फ्रूट, सगळ्यांची रीत हीच. निवडुंगाचे हिरवे तुकडे अंधारात हवा शोषून घेतात, हे दि सोस्यूर यांनी 1804 मध्येच नोंदवलं होतं.

यावरून एक गैरसमज फार पसरला आहे, तो दूर व्हायला हवा. रात्री रंध्रं उघडतात म्हणून ही झाडं रात्री ऑक्सिजन देतात, बेडरूममध्ये ठेवा, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. पाणी फोडायला उजेड लागतो. उजेड नाही तर कुठलंही झाड ऑक्सिजन तयार करत नाही, मग ते पिंपळाचं असो की पानफुटीचं. पानफुटी रात्री हवेतला कर्बवायू घेते, तोही खोलीत फरक पडावा इतका नव्हे. तिच्याकडे बघण्यासारखं खरं पुष्कळ आहे, खोट्याची भर घालायला नको.

आणि दुष्काळ पडला तर? मुळाशी ओलच उरली नाही की अशी काही झाडं रात्रीही रंध्रं उघडायची थांबतात. मग बाहेरून काहीच येत नाही. पेशी स्वतःच्या श्वसनातून निघालेला कर्बवायूच रात्री आम्लात बांधतात आणि दिवसा त्याचीच पुन्हा साखर करतात. यातून वाढ अजिबात होत नाही, एक नवं पानही फुटत नाही. पण हरितलवकं चालू राहतात, पटलांवर पडणाऱ्या उन्हाला काम मिळतं, आणि निवडुंगाचं झाड असे कित्येक आठवडे काढतं. पाऊस पडला की ते पुन्हा रात्रीची हवा घ्यायला लागतं.