चोरीची वेल

मनी प्लांटची वेल चोरून आणली तरच घरात लागते, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. कोणत्याही पोथीत तिला आधार सापडायचा नाही; ही वेल मुळी पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटावरची. पण परक्याच्या काडीला हात न लावणारी माणसेही ही समजूत निष्ठेने पाळतात. मीही पाळली. चार वर्षांपूर्वी, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दारावरून जाताना वीतभर शेंडा खुडला आणि मिटलेल्या छत्रीत घालून वर आणला. जिना चढताना छाती धडधडत होती, हे कबूल करायला हवे.

आता याला चोरी म्हणायचे का? त्या दिवशी मी ठरवले, की नाही. चोरीत ज्याचे जाते त्याचे कमी होते. काकूंच्या वेलीने तर शेंडा गेल्यावर खालच्या पेरांतून नवी फूट काढली आणि ती उलट दाट झाली. शिवाय या वेलीचा संसारच निराळा. ती फुलत नाही. लागवडीतली वेल आपण होऊन फुलल्याची शेवटची नोंद १९६४ सालची आहे. २०१६ साली संशोधकांनी त्याचे कारण दाखवून दिले : फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य तिच्या अंगी पुरेसे तयारच होत नाही. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून वाऱ्यापाखरांचा तिला काही उपयोग नाही. या घरातून त्या घरात जायचे तर माणसाचा हातच हवा. म्हणजे घरोघरच्या वेली हे एकमेकींचे तुकडे. काकूंचे झाड काकूंपाशी राहिले, तर मी नेले ते काय? युक्तिवाद बिनतोड होता. अर्थात वकील, अशील आणि न्यायाधीश एकच असला की तो तसा होतोच.

चोरीचा माल मात्र मी जिवापाड सांभाळला. पेराशी असलेली तपकिरी गाठ पाण्यात बुडेल अशा बेताने शेंडा बाटलीत ठेवला, पाणी बदलत राहिलो. दोनतीन आठवड्यांत पांढरी मुळे सुटली. मग कुंडी. थेट उन्हात पाने करपतात आणि फार अंधारात त्यांची पिवळी नक्षी पुसली जाते, म्हणून खिडकीपासून हातभर आत जागा दिली. बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घातले नाही. पान चावले तर तोंडाची आग होते, म्हणून नातवाच्या हाताला लागू नये अशा बेताने ती कपाटावर गेली. तिथून ती खाली लोंबू लागली. पण लोंबत्या वेलीची पाने बारीक होत जातात आणि वर चढवली की मोठी होतात, हे लक्षात आल्यावर सुतळी बांधून तिला चौकटीवर चढवली. धूळ बसली की ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचे. कुणी हातात दिली असती तर एवढे केले असते का? शंकाच आहे. त्या समजुतीत तथ्य असलेच, तर ते एवढेच.

मग मागितली का नाही? काकू नाही म्हणणार नव्हत्या. नेमके तेच मला नको होते! मागितली असती तर त्यांनी कात्री शोधली असती, चांगला जोमदार शेंडा निवडला असता, तोवर चहा टाकला असता आणि पुढे जिन्यात भेटल्या की "लागली का हो?" म्हणून विचारले असते. मला वेल हवी होती, काकू नको होत्या. हे लिहिताना बरे वाटत नाही. त्यांची वेल कमी झाली नाही हे खरे. पण एकट्या राहणाऱ्या बाईपाशी दुसऱ्याला द्यावे असे रोज काय असते? ते मी छत्रीत घालून नेले होते. त्या वेळच्या माझ्या वकिलाने हा मुद्दा काढलाच नव्हता.

यंदा श्रावणात काकूंची वेल गेली. त्या महिनाभर मुलीकडे होत्या. शेजारच्या मुलाने सांगितल्याप्रमाणे, किंबहुना जास्तच इमानाने, रोज तांब्याभर पाणी घातले आणि मुळे कुजली. नवरात्रात त्या हळदीकुंकवाला वर आल्या. चौकटीवरून फिरलेल्या वेलीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"छान लागली की. कुणी दिली?"

बाजारातून आणली, एवढे म्हटले असते तरी भागले असते.

"तुमचीच आहे, काकू. न विचारता नेली होती."

"छत्रीतून," त्या म्हणाल्या. "खिडकीत उभी होते मी. वाटलं होतं, कधीतरी सांगाल."

मी घाईघाईने कात्री आणायला उठलो. सगळ्यांत चांगला शेंडा काढून देतो म्हणालो.

"नको. दिलेली लागत नाही म्हणतात. माझी मी नेईन."

त्या हे हसून म्हणाल्या की नाही, ते मला आठवत नाही. दिवाळी चार दिवसांवर आली आहे. चौकटीवरून उतरलेला एक लांब शेंडा मी मुद्दाम दाराशी सोडला आहे आणि संध्याकाळचे दार उघडे ठेवून आतल्या खोलीत बसतो. शेंड्याला काल एक नवे पान आले.